हळदीच्या काडीची दुसरी पायरी

सेमारांग, ४ मार्च १९९४

बुदे, तुमच्या गुडघ्यांशी वाकून नमस्कार.

खुशाली नंतर विचारते, आधी बातमी सांगते. माझं पत्रक छापून आलं. प्रांताच्या महिला मंडळाने चार हजार प्रती काढल्या आहेत. खाली माझं नाव आहे: वुर्यानी, रसायनशास्त्राच्या शिक्षिका. बाबांनी एक प्रत जेवणाच्या टेबलावर काचेखाली सरकवली आहे. येणाऱ्या-जाणाऱ्याला चहाच्या आधी ती वाचावी लागते.

तुमच्या बाजारातही ते पोचेल, पण माझ्या आत्याला मीच आधी सांगते. ओली हळद किसायची, पिळायची, त्या रसात बांबूच्या काड्या भिजवून सावलीत वाळवायच्या. ज्या पदार्थाबद्दल शंका असेल त्याच्या ओल्या गोळ्यात काडी खुपसायची आणि शंभर आकडे मोजायचे. काडी पिवळी राहिली तर पदार्थ चांगला. विटेसारखी लाल झाली तर त्यात ब्लेंग आहे, म्हणजेच बोरॅक्स. सरकारने बंदी घालून किती वर्षं झाली, तरी या खाराचे खडे कुठल्याही बाजारात मिठाशेजारी मिळतात. आता कुणालाही ओळखता येईल. पत्रकाच्या डोक्यावर मी छापलंय: हळद खोटं बोलत नाही.

२१ एप्रिलला, बायकांच्या कार्तिनी दिनी, मंडळाच्या बायका काड्या घेऊन तुमच्याकडे येणार आहेत. ज्यांची काडी पिवळी राहील त्यांच्या दुकानावर हिरवी पाटी लागेल. आपल्या घराण्यात ब्लेंग सोडणाऱ्या पहिल्या तुम्ही, तेव्हा पहिली पाटीही तुमचीच. सोबत पन्नास काड्या पाठवते. तुमच्या काराकच्या, त्या भाताच्या पापडांच्या, ओल्या उंड्यात एक खुपसून बघा.

तुमची भाची,
वुर्यानी

*

करांगवुनी, १५ मार्च

वुर, पोरी, सुखी राहा.

तुझं पत्रक मी बाजारभर फिरवलं. भाजीवाल्या सुतिनीला वाचता येत नाही, तिला मोठ्याने वाचून दाखवलं, आणि तुझं नाव आलं तिथे दोनदा वाचलं. तुझ्या बापाने ते काचेखाली ठेवलं म्हणतेस. याच माझ्या धाकट्या भावाला तुला कॉलेजात घालताना घाम फुटला होता, आणि मी येऊन ओरडले तेव्हा कुठे तो फॉर्म भरायला गेला. त्याला एवढी आठवण करून दे.

पाटीचं म्हणशील तर मला तिची हौस नाही. मिळाली तर मात्र समोरच्या तुगिराहला दिसेल अशी लावीन. ती अजून ब्लेंग घालते. तिचे काराक तळले की असे पांढरेशुभ्र फुलतात की गिऱ्हाईक आधी तिच्याकडेच वळतं. नऊ वर्षं मी हे समोर बसून बघते आहे.

तू तेव्हा शिकायला बाहेर होतीस, म्हणून तुला सगळं माहीत नाही. दवाखान्यातल्या डॉक्टरणीने सांगितलं की हा खार मूत्रपिंडं बिघडवतो, त्या दिवशी घरातले सगळे खडे मी खड्डा खणून पुरले. मग काराक काही केल्या जमेनात. भात कांडून उंडा वळावा तर तो तुटायचा, काप उन्हात टाकावेत तर तडकायचे, तळले की दगड. मला ताई मानून यु म्हणणारे लोकच म्हणायचे, यु सादिनेमचे काराक खायचे तर शेजारून दात मागून आणावे लागतात. दोन सुग्यांचा तांदूळ मी असा वाया घालवला. शेवटी जे सापडायचं ते सापडलं. ब्लेंगऐवजी मी काय घालते ते नवऱ्याला त्याच्या मरणापर्यंत सांगितलं नाही, आणि तुलाही सांगणार नाही. तुझी आई बोलघेवडी आहे.

आणि काडी खुपसून मी कशाला बघू? माझ्या उंड्यात काय आहे ते मला माहीत आहे. काड्या फडताळात ठेवल्या आहेत.

तुझी बुदे,
सादिनेम

*

सेमारांग, २८ मार्च

बुदे, नमस्कार.

बाबांना आठवण करून दिली. ते म्हणाले, "फॉर्म मी भरला, ओरडण्याचं श्रेय ताईचं." म्हणजे कबूल आहे.

कार्तिनी दिनाला मी स्वतः येणार होते, पण शाळेत परीक्षा आहेत. मंडळाच्या अध्यक्षीणबाईंना मी तुमच्याबद्दल आधीच सांगून ठेवलं आहे. त्या म्हणाल्या, "तुमच्या आत्याबाईंपासूनच सुरुवात करू, म्हणजे बाकीच्यांना धीर येईल." मला इतकं बरं वाटलं ते ऐकून.

ब्लेंगऐवजी काय घालता ते एकदा सांगा ना. आईला नाही सांगणार.

वुर

*

करांगवुनी, २४ एप्रिल

वुर्यानीस.

कार्तिनी दिनी मंडळाच्या बायका आल्या. तू सांगितलं होतंस तशी माझ्यापासून सुरुवात केली. सगळा बाजार भोवती जमला होता, कारण मीच सगळ्यांना जमवलं होतं. माझ्या ओल्या उंड्यात काडी खुपसली. शंभरपर्यंत मोजावं लागलं नाही. चाळीसच्या आत काडी लाल झाली. अध्यक्षीणबाईंना वाटलं काडी खराब असेल, त्यांनी दुसरी खुपसली. तीही लाल झाली. मग त्यांनी पत्रक उघडून लाल म्हणजे काय ते वाचून दाखवलं.

माझ्यामागून पाच दुकानं झाली, पाचही पिवळी. तुगिराह त्या दिवशी तापाचं निमित्त काढून घरी बसली होती.

बाजारप्रमुख पाक वार्सोनो माझ्याकडे न बघता म्हणाले, "यु, टोपली उचला. मी सांगेपर्यंत आणू नका." सुतिनी म्हणाली, "नऊ वर्षं आम्हाला अक्कल शिकवत होतीस ना?" मी टोपली उचलली आणि घरी आले.

मी ब्लेंग घातलेलं नाही. एवढंच लिहायचं होतं.

सादिनेम

*

सेमारांग, ३० एप्रिल

बुदे,

तुमचं पत्र वाचून दिवसभर मला शाळेत काही सुचलं नाही. तुम्ही मुद्दाम काही केलं असेल असं माझ्या मनातही येणार नाही. पण दोन काड्या लाल झाल्या म्हणजे कुठून तरी ते आत गेलं आहे. जुनं मडकं असेल. तांदळाच्या व्यापाऱ्याने काही मिसळलं असेल. किंवा एखाद्या वर्षी, ऑर्डर मोठी असताना, घाईत, थोडंसं. असं कुणाचंही होऊ शकतं, बुदे. तुम्ही बाजारात साधेपणाने सांगून टाकलंत तर लोक विसरून जातील. मी येऊन तुमच्या शेजारी उभी राहीन.

मी हे प्रेमाने लिहिते आहे.

वुर

*

करांगवुनी, ८ मे

वुर्यानीस.

तुझं पत्र दोनदा वाचलं. पहिल्यांदा वाटलं, दुसऱ्या कुणाचं चुकून माझ्या दारात पडलं.

थोडंसं, म्हणतेस. घाईत. माझ्या शेजारी उभी राहणार म्हणतेस, म्हणजे चोराच्या शेजारी त्याची शिकलेली भाची. तुझ्या शेजारी उभं राहायला मला कधी लाज वाटली नाही, पण अशी मी उभी राहणार नाही.

आता मी काय केलं ते ऐक. फडताळातल्या काड्या काढल्या आणि घरभर खुपसत सुटले. पानाला लावायच्या चुन्यात खुपसली, लाल. कपड्यांच्या साबणात खुपसली, लाल. नातवाच्या पोटदुखीवरचा सोडा पाण्यात कालवला, त्यातही काडी तांबूस झाली. तुगिराहच्या सुनेकडून तिचा उंडा मागून आणला, तोही लाल, आणि माझ्याइतकाच लाल. आता सांग, साबणवाला ब्लेंग घालतो का? चुनेवाला घालतो का? हळदीचा डाग साबणाने धुताना लाल होतो हे आमच्याकडे सहा वर्षांची पोर सांगेल. तुझ्याकडे कपडे धुवायला बाई असेल, म्हणून तुला दिसलं नसेल.

तुझी काडी खूप काही बघते आणि सगळ्याला एकाच नावाने हाक मारते. मी तीन यत्ता शिकलेली आहे, मला याच्यापुढे कळत नाही. तुला कळायला पाहिजे. त्यासाठीच तर मी तुझ्या बापावर ओरडले होते.

ज्या बाजारात माझ्या आईनेही टोपली मांडली, तिथे मी परत बसेन ती खाली मान घालून नाही. नाहीतर बसणारच नाही.

सादिनेम

*

सेमारांग, १७ मे

बुदे,

गुडघ्यांशी वाकण्याचा हक्क मला राहिलेला नाही, तरी वाकते.

तुमचं पत्र मिळालं त्याच दुपारी शाळेच्या प्रयोगशाळेत बसले. तुम्ही केलंत तेच केलं, आणि मग कॉलेजातली वही उघडली. त्यात सगळं माझ्याच अक्षरात लिहिलेलं आहे. हळद दोन कारणांनी लाल होते. चुना, साबण, सोडा, असा कुठलाही अल्कलीचा पदार्थ लागला की ती लाल होते. ती वरवरची लाली. तिच्यावर आम्लाचा थेंब टाकून काडी वाळवली की हळद परत पिवळी होते आणि पिवळीच राहते. ब्लेंगची गोष्ट वेगळी. आम्लाचा थेंब पडल्यावर तीही काडी क्षणभर फिकी दिसते, पण वाळता वाळता परत लाल होते, आणि मग ती लाली जात नाही. वर अमोनियाचं बोट लावलं तर काळपट हिरवी होते. म्हणजे पहिल्या पायरीवर हळद फक्त शंका घेते. दुसऱ्या पायरीवर नाव सांगते.

दुसरी पायरी मला माहीत होती, बुदे. ती मीच गाळली. खेड्यातल्या बायकांना आम्ल कुठून मिळणार, दोन पायऱ्या त्यांच्या लक्षात कशा राहणार, असा विचार करून मी पत्रक सोपं केलं. तुमच्यासारख्यांना एकच पायरी झेपेल असं मी टेबलावर बसून ठरवलं, आणि तुम्ही घरभर काड्या खुपसून माझी चूक दाखवलीत.

माझी खात्री आहे की तुमच्या उंड्यात अल्कलीचं काहीतरी आहे आणि ब्लेंग नाही. ४ जूनला मंडळाची बैठक आहे, तिथे मी हे सगळ्यांसमोर सांगणार आहे. पण तुमच्या बाजारात कुणी तरी विचारेलच, मग काडी लाल झाली ती कशाने? तुम्ही काय घालता ते सांगितलंत तर माझं बोलणं पुरं होईल. न सांगितलंत तरी मी बोलणारच.

माफी मागते. ती द्यायलाच हवी असं नाही.

वुर

*

करांगवुनी, २५ मे

वुर, पोरी,

माफीचं नंतर बघू. आधी ते आम्ल पाठव.

तू येऊ नकोस. भाची शेजारी उभी राहिली तर लोक म्हणतील घरातल्या घरात मिटवलं. ८ जूनला पोनचा, दर पाच दिवसांनी येणारा मोठा बाजार आहे, त्या दिवशी गर्दी जास्त असते. थेंब मी टाकीन. मडक्यात तिखट-मीठ अंदाजाने घालते तो हात आहे माझा, एक थेंब म्हणजे एकच पडेल.

मी काय घालते ते कागदावर लिहिणार नाही. टपाल तुझ्या आईच्या हातातून जातं.

तुझी बुदे

*

सेमारांग, ५ जून

बुदे, नमस्कार.

सोबतच्या डब्यात भुशामध्ये दोन बाटल्या आहेत, ड्रॉपर लावलेल्या. लाल टोपणाची आम्लाची आहे, अंगावर सांडू देऊ नका, नातवाच्या हाती लागू देऊ नका. निळ्या टोपणाचा अमोनिया, त्याचा वास घेऊ नका. काडी लाल झाली की एक थेंब, मग उन्हात पुरती वाळेपर्यंत थांबायचं. घाई केलीत तर ब्लेंगची काडी आणि बिनब्लेंगची काडी सारखीच दिसेल.

काल बैठक झाली. मी उभी राहून सांगितलं की पत्रक अर्धं आहे आणि ते माझ्यामुळे अर्धं आहे. अध्यक्षीणबाई मला बाजूला घेऊन म्हणाल्या, "एवढा गाजावाजा कशाला? पुढच्या आवृत्तीत एक ओळ वाढवू, कुणाच्या लक्षातही येणार नाही." मी म्हटलं, "माझ्या आत्याची टोपली उचलायला लावली ती सगळ्यांच्या लक्षात आहे."  जुलैत मला प्रशस्तिपत्र द्यायचं ठरलं होतं, ते आता देणार नाहीत. बाबांनी काचेखालचं पत्रक काढलेलं नाही, पण त्यावर हल्ली फुलदाणी असते.

वाटायच्या राहिलेल्या दोन हजार सहाशे प्रती मी घरी आणल्या आहेत. प्रत्येकीवर दुसरी पायरी मी हाताने लिहिते आहे, आणि खाली एक ओळ: 'पहिल्या छपाईत ही पायरी माझ्या चुकीने राहिली. वुर्यानी.' जिथे पत्रकं आधीच गेली त्या प्रत्येक बाजाराला पत्र टाकलं आहे. डोक्यावरच्या 'हळद खोटं बोलत नाही' पुढे लिहिते, 'पण तिला पुरतं विचारावं लागतं.' आजवर चारशे दहा झाली. बोटं दुखतात, आणि दुखावीत असं वाटतं.

वुर

*

करांगवुनी, १० जून

वुर, माझ्या पोरी, सुखी राहा.

तुझ्या पत्राला उशीर लावते आहे कारण दोन दिवस दारात माणसं आहेत. आता सगळं ऐक.

पोनच्या बाजारी मी टोपली घेऊन गेले. पाक वार्सोनो धावत आले. "यु, मी सांगेपर्यंत आणू नका म्हटलं होतं ना?" मी म्हटलं, "विकायला नाही आणली. दाखवायला आणली. तुम्ही सगळ्यांसमोर उचलायला लावलीत, आता सगळ्यांसमोर बघा." माझ्या आईला ओळखणाऱ्या दोन म्हाताऱ्या मध्ये पडल्या तेव्हा ते बाजूला झाले.

मी दोन उंडे मांडले, एक माझा, एक तुगिराहचा. तिचा मी तिच्याच टोपलीतून पैसे देऊन घेतला, म्हणजे नंतर भानगड नको. ती म्हणाली, "घे घे, तुझ्या काड्या तुझ्यावरच फिरतात." दोन्हींत काडी खुपसली. दोन्ही लाल. बायका हसल्या. सुतिनी म्हणाली, "हे दाखवायला आलीस होय?" मग मी तू डब्यात घातलेलं, हाताने दुरुस्त केलेलं पत्रक त्यांना वाचून दाखवलं, तुझ्या चुकीची ओळ धरून सगळं. थेंब टाकले, एक एक. दोन्ही काड्या फिक्या झाल्या. तुगिराह टाळ्या पिटून म्हणाली, "झालं, आता दोघीही स्वच्छ." खरं सांगते, तू लिहिलं नसतंस की थांबा, तर मी तिथेच हार मानली असती.

काड्या उन्हात केळीच्या पानावर ठेवल्या. कुणी हललं नाही. माझी पिवळी वाळली, पिवळीच राहिली. तुगिराहची आधी गुलाबी झाली, मग लाल, मग पुरती विटेसारखी. त्यावर निळ्या टोपणातला थेंब टाकला तशी ती शेवाळासारखी काळी-हिरवी पडली. पाक वार्सोनोंनी काडी हातात घेऊन उलटीसुलटी केली. मग म्हणाले, "यु सादिनेम, माझं चुकलं." असं ते कुणाला म्हणाल्याचं या बाजारात कुणाला आठवत नाही.

मग तो प्रश्न आला. सुतिनीनेच विचारला. "ब्लेंग नाही, तर पहिल्यांदा लाल झाली कशाने? काय घालतेस तू?" नऊ वर्षं जे जपलं ते तोंडाशी आलं आणि अडलं. मी तुगिराहकडे बघितलं. ती आपली काळी काडी पानाखाली ढकलत होती. मला वाटलं, मी गप्प राहिले तर ही उद्याही ब्लेंगच घालणार, आणि तिचे काराक खाणारी पोरं याच बाजारातली आहेत. म्हणून सांगितलं. भाताचा पेंढा जाळायचा, राख पाण्यात टाकायची, रात्रभर बसू द्यायची, वरची निवळ कापडातून तीनदा गाळायची आणि ती भातात घालून कांडायची. चौथ्यांदा गाळली तर दम जातो, दोनदाच गाळली तर कडू लागतं. हे कळायला मला दोन सुग्या लागल्या आणि सांगायला एवढाही वेळ लागला नाही.  एवढी माणसं माझी राख ऐकायला उभी होती.

पाक वार्सोनो हिरवी पाटी घेऊन आले. मी म्हटलं, "मी नऊ वर्षं पाटीवाचून स्वच्छ होते. ही ठेवून द्या, ज्या दिवशी तुगिराहची काडी पिवळी राहील त्या दिवशी तिच्या दुकानावर लावा."

तुगिराहला ते झोंबलं. ती सगळ्यांना ऐकू जाईल अशी म्हणाली, "एवढं मोठं नाव सांगत होतीस भाचीचं. तिचीच काडी चुकली म्हणायची."

मी म्हटलं, "चुकली. आणि चुकली असं ती दोन हजार सहाशे कागदांवर स्वतःच्या हाताने, खाली नाव घालून लिहिते आहे. प्रशस्तिपत्र गेलं तरी लिहिते आहे. तुझ्या माहेरी, सासरी, सात पिढ्यांत असं कुणी झालं असेल तर घेऊन ये. मी माझी टोपली उचलून तिला माझी जागा देईन."

 आज सकाळी तुगिराह पेंढ्याचा भारा डोक्यावर घेऊन माझ्या अंगणात आली, आणि मी तिला राख गाळायला बसवलं.

तुझी बुदे,
सादिनेम